चूप बसल्यावर

“नवरा बोलेनासा झाला की आपणही चूप राहावं, बाई,” लग्नाच्या मांडवात मायनं कानाशी लागून सांगितलं होतं. शामकलानं ते सांगणं पदराच्या गाठीसारखं जपलं.

यंदा धान घरी आल्यावर दुर्गाप्रसादनं कुत्र्याचं पिल्लू आणलं. नाव ठेवलं भुऱ्या. हा भुऱ्या मालकाच्या टाचेला दात लावी, लुंगीचं टोक ओढी, आणि कोणी पाहत नसलं की भुंकून अंगण डोक्यावर घेई. शेवटी गोंदियाच्या जनावरांच्या डॉक्टरनं उपाय सांगितला, “चावलं की पाठ फिरवा, बोलू नका. चूप बसलं की लगेच थोपटा.”

आज दुर्गाप्रसादनं पाठ फिरवली. भुऱ्यानं त्याच्याभोवती चकरा मारल्या, कुईकुई केलं आणि मुकाट बसला. दुर्गाप्रसादनं लगेच वाकून त्याला थोपटलं.

“पाह्यलं? सोपं आहे,” तो बायकोला म्हणाला. “फक्त पाठ फिरवता आली पाहिजे.”

तांदूळ पाखडता पाखडता शामकलाचं सूप थांबलं.



“पाठ फिरवणं तं तुमाले लग्नापासूनच येते जी. मी बी दरवेळी चूप बसली. मंग मले थोपटाचं काऊन राहून गेलं?”