शेवटचे वीस हात

मध्यान्हीचा भोंगा झाला, यंत्रे स्तब्ध झाली, आणि कापड विणणाऱ्या साचेखात्याचे मास्तर दोन पेट्या काखेत घेऊन सुताच्या कांड्या भरणाऱ्या स्त्रियांच्या खात्यात आले. मास्तर मूळचे मालवणचे; सोलापुरात सारे त्यांना मालवणकर मास्तर म्हणत.

खात्यावर देखरेख करणारी वृद्ध नायकीण सुंदरम्मा भाकरी सोडून उठली नाही. साच्यावर सूत तुटले की मास्तर रागाने या दारात येऊन उभे राहत, हा सत्तावीस वर्षांचा परिपाठ होता. आज सूत तुटण्यापूर्वीच स्वारी कशी आली, असे तिने शेजारच्या निंगव्वाला विचारले, आणि मास्तरांना ऐकू जाईल अशा बेताने विचारले.

मास्तरांनी पेट्या बाकावर उघडल्या. दोहोंत मासे धरण्याच्या गळाच्या दोरीचे एकेक विलायती रीळ होते. मुंबईच्या व्यापाऱ्याने ती पसंतीसाठी धाडली होती. एक ठेवून दुसरे संध्याकाळच्या गाडीने परत करायचे होते; कोणते ठेवावे, हे त्यांना इथे विचारायचे होते. शनिवारी मास्तर गिरणीची चाकरी संपवून गावी निघणार होते. ऐंशी वर्षांचे त्यांचे वडील अद्याप स्वतः होडी घेऊन समुद्रात जात. त्यांनी पत्रातून कळविले होते की, येतोस तर ये, परंतु होडीत तुझे काम पाणी उपसण्याचे. दोरी धरणे सूत विणणाऱ्याला साधायचे नाही. हे सांगताना मास्तरांचा स्वर किंचित खाली आला. वडिलांच्या देखत निवडलेले रीळ फसले, तर पुन्हा त्या होडीत दोरी हाती येणार नव्हती.

मग त्यांनी रिळाचे नावीन्य समजावून दिले. "दोरी सुटते तेव्हा हे रीळ स्वतः फिरत नाही. ते जागच्या जागी स्थिर राहते, आणि दोरी त्याच्या तोंडावरून निसटत जाते."

स्त्रियांनी एकमेकींकडे पाहिले. सुंदरम्माने टोपलीतली एक भरलेली कांडी उचलून मुठीत उभी धरली आणि तिच्या तोंडावरून सुताचे टोक ओढले. कांडी हलली नाही. सूत येतच राहिले.

"आन् हे काय करतंय, मास्तर?"

अशा लक्षावधी कांड्या साच्यावरच्या धोट्यांत बसून ज्यांच्या डोळ्यांदेखत रिकाम्या झाल्या, ते मास्तर त्या एका कांडीकडे पाहत राहिले. निंगव्वाने पदर तोंडाशी नेला. "विलायतेला आत्ता कळलं व्हय?"

एक रीळ चांदीसारखे झळझळीत, अरुंद आणि खोल होते. दुसरे काळपट, रुंद आणि उथळ. मास्तरांचे मन झळझळीत रिळावर बसले होते. घरच्या अंगणात त्यांनी त्याची वीस हात दोरी ओढून पाहिली होती. ती पाण्यासारखी वाहिली होती.

सुंदरम्मा आता हात धुऊन आली. समुद्र किती खोल, असे तिने विचारले. मासे धरायला होडी थांबवतात तिथे पंधरा वाव, म्हणजे साठ हात, मास्तर म्हणाले. आणि मासा बलवान असला तर तो आणखी शंभर हात दोरी नेतो. पंधरा वाव म्हणजे आपल्या वळसंग गावच्या दोन विहिरी एकीखाली एक, असा हिशेब निंगव्वाने लावला आणि समुद्राविषयीचा तिचा आदर बराचसा उतरला.

"मग वीस हात वडून काय कळणार?" सुंदरम्मा म्हणाली. "समदी सोडा."

झळझळीत रिळाच्या दोरीचे टोक धरून निंगव्वा चालू लागली. खाते ओलांडून, दाराबाहेर, पार निंबाच्या झाडापर्यंत गेली. सुंदरम्माने डोळे मिटले आणि रिळाच्या तोंडाशी दोरीवर दोन बोटे हलकेच टेकवली. अर्धी दोरी निर्वेध गेली. पुढे तिच्या भुवया जुळल्या. शेवटच्या वीस हातांत दोरी रिळाच्या कडेला घासू लागली, अडून अडून येऊ लागली.

"भरल्या पोटी हे ग्वाड चालतं. पोट खाली गेलं की कडंला अडतंय. सूत तुटतं ते शेवटाला तुटतं, मास्तर. तुमी आमाला उगं बोलत होता."

काळपट रिळाची दोरीही निंबापर्यंत गेली. पहिल्या हाताला जशी सुटली, तशीच अखेरच्या हाताला सुटली. या वेळी मास्तरांनीही आपले बोट दोरीवर ठेवले होते. त्यांनी झळझळीत रिळाची दोरी भराभर गुंडाळून ते पेटीत घातले आणि पेटीला सुतळी बांधली.

आता काळपट रिळाची दोरी पुन्हा भरायची होती. मास्तर एकटेच भरू लागले, तेव्हा सुंदरम्माने दोरी आपल्या चिमटीत घेतली आणि त्यांना नुसती रिळाची मूठ फिरवायला सांगितले. तिने मान हलवली की ते थांबत; तिने हुंकार दिला की फिरवू लागत. इतर स्त्रिया भोवती येऊन उभ्या राहिल्या. काम निम्म्यावर असताना दुसरा भोंगा झाला. पलीकडे साचे धडधडू लागले. ज्या मास्तरांनी कधी कुणाला एका निमिषाची सूट दिली नव्हती, त्यांनी त्या दिशेला मान वळवली नाही. दोरी थरावर थर बसत गेली आणि कडेखाली नखभर जागा राहिली, तिथे सुंदरम्माने बोट उचलले.

मास्तरांनी रीळ दोन्ही हातांत घेतले.

"वडील विचारतील, दोरी कोणी भरली म्हणून."

सुंदरम्मा आपल्या जागेवर जाऊन बसली होती. तिने पुढची कांडी हाती घेतली.

"नाव सांगा की. सोलापूरची सुंदरम्मा. आन् तुटलीच, तर मासा लई मोठा होता म्हनावं."