फाटकासमोरची गाडी

शेजारच्या काकांची पांढरी गाडी तिच्या फाटकाला अगदी चिकटून आडवी उभी होती. मधून एखादा माणूस अंग चोरून निघाला असता. गाडी निघणं शक्य नव्हतं.

ती आपल्या लाल गाडीतून उतरली. इंजिन चालूच होतं. बाजूच्या सीटवर बाबा पट्टा लावून बसले होते. वय ब्याऐंशी, अंगात इस्त्रीचा शर्ट. ही बुटकी, दोन सीटांची, पळण्यासाठीच बनवलेली गाडी त्यांनी ऐन तारुण्यात घेतली होती. गेली अकरा वर्षं ती ताडपत्रीखाली पडून होती. मोठ्या दुखण्यातून उठल्यावर ते म्हणाले, "एकदा हिच्यात बसून तळ्यापर्यंत जाऊन यायचंय." ती, त्यांची मुलगी, पेशाने ग्रंथपाल. तिने दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक शोधून आणलं आणि कुठल्याही मेकॅनिकला गाडीला हात लावू दिला नाही. आठ महिने तिच्या नखांतलं ग्रीस निघालं नाही. कार्बोरेटर तीनदा खोलला. ब्रेक नव्याने बसवले. काल संध्याकाळी अंगणातच गाडी चार पावलं पुढे-मागे केली, तेव्हा ब्रेक कसे झकास लागले होते.

या आठ महिन्यांत काकांशी मात्र विळ्या-भोपळ्याचं सख्य झालं होतं. इंजिनाची घरघर, पेट्रोलचा वास, हातोडीची ठकठक, त्यांना सगळंच खुपायचं. दर दोन दिवसांनी ते बेल वाजवायचे. तिने बेल बंद करून टाकली. ते फोन करू लागले. तिने नंबर ब्लॉक केला. मग फाटकाच्या कडीत चिठ्ठ्या येऊ लागल्या. त्या ती न उघडताच फाडायची.

आजही कडीत चिठ्ठी होतीच. तिने ती खिशात कोंबली, अंग चोरून बाहेर पडली आणि तरातरा त्यांच्या दाराशी गेली. दाराला कुलूप होतं.

"साधला डाव," परत येऊन ती म्हणाली. "आज आपण निघणार हे त्यांना माहीत होतं. मुद्दाम गाडी आडवी घालून गेलेत कुठेतरी."

"चिठ्ठीत काय म्हणतात?" बाबांनी विचारलं.

"नेहमीचंच पुराण असणार."

"वाच तरी. तक्रार करणारा माणूस निदान आपल्याकडे बघत तरी असतो."

तिने चुरगळलेला कागद सरळ केला. अक्षर मोठं आणि घाईचं होतं.

'सकाळी सहाला तुमच्या फाटकाखालून तेलाचा ओघळ रस्त्यावर आलेला पाहिला. बोटाला लावून पाहिलं. ब्रेक ऑइल आहे. तीस वर्षं बस चालवली आहे, चुकणार नाही. बेल वाजत नाही, फोन लागत नाही, हाका मारल्या, कोणी उठलं नाही. गाडी बाहेर काढू नका. माझ्या गाडीची किल्ली मुद्दामच ठेवलेली नाही. आवाजाबद्दलची तक्रार कायम आहे.'

तिने चिठ्ठी दोनदा वाचली. सकाळी आठला तिने गाडी धुतली होती, तेव्हा पत्र्याचं बंद फाटक उघडलंही नव्हतं. सगळं अंगण ओलं होतं आणि त्या ओलाव्याकडे तिने दुसऱ्यांदा पाहिलंही नव्हतं. आता ती मागच्या चाकाशी ओणवी झाली. चाकाच्या आतल्या बाजूने थेंब सुटत होता. तिने तो बोटांत चोळला. पाणी नव्हतं ते.

ती सीटवर बसली आणि ब्रेक दाबला. पाय थेट तळाला जाऊन टेकला. पुन्हा दाबला. पुन्हा तेच.

फाटकाबाहेरचा रस्ता तीव्र उताराचा होता. तो सरळ खाली चौकात उतरत होता आणि चौकात ट्रकची रांग कधी तुटत नसे. तिने इंजिन बंद केलं. ब्रेकच्या नळीच्या सांध्यात नवा वॉशर घालावा, असं पुस्तकात ठळक छापलेलं होतं. जुना चांगला दिसत होता म्हणून तिने तोच परत घातला होता.

बाबांना काय झालं ते सांगावं लागलं नाही. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. "फोन कर त्यांना," एवढंच म्हणाले.

तिने नंबर मोकळा केला. फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"काका, मी बोलतेय. शेजारची."

"गाडी बाहेर काढलीस?"

"नाही. ब्रेक पूर्ण गेलेत. सांध्यात जुनाच वॉशर घातला होता मी." तिने बाबांकडे पाहिलं. "बाबा बसले होते हो शेजारी."

"बरे आहेत ना?"

"बरे आहेत. तुमच्यामुळे आहेत. मी तुमचे कसे आभार मानू?"

"राहू दे गं. वॉशर बदल, आणि दोन्ही बाजूंचे बदल. आल्यावर मी बघतो एकदा."

पलीकडे हॉर्न वाजत होता. कुणीतरी पुढे सरका, पुढे सरका म्हणून ओरडत होतं.

"तुम्ही आहात कुठे?"

"बसमध्ये. मुलीकडे निघालोय. हिला बसायला जागा मिळाली, मी आहे उभा."

काकांची मुलगी चार तासांच्या अंतरावर राहायची. काकूंचे गुडघे दुखायचे, जिना उतरतानाही त्यांना कठड्याला धरावं लागे. हे सगळं तिला ठाऊक होतं.

"चार तास? अहो काका, घरची गाडी सोडून बसने का गेलात?"

"तू काही उठेनास, आणि आमची निघायची वेळ झाली," काका म्हणाले. "तुझ्या फाटकाला लावायला माझ्याकडे दुसरी गाडी कुठे होती?"