कोलंबीचं गोत

“श्रावणात माझ्या घरात मासा शिरता कामा नये!” माईंचा तो आवाज त्या गेल्यावरही स्वयंपाकघरात घुमे. बाबा पानावर दोन घास चिवडून उठत आणि दिवसेंदिवस खंगत चालले होते. बायकोच्या आठवणीनं झुरतायत, या धास्तीनं सून हेमांगी कासावीस झाली. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या तिनं शक्कल लढवली आणि त्यांच्यासमोर कोलंबीचं कालवण ठेवलं.

“अगो, श्रावण ना?”

“माईंनी मासा बंद केलाय, बाबा. माशाला पाठीचा कणा असतो. कोलंबीला कुठाय? ही तर खेकड्या-झुरळांच्या गोतातली!”

“झुरळ वाढतेस होय मला?” बाबांनी माईंच्या फोटोकडे चोरून पाहिलं आणि वाटी चाटूनपुसून संपवली.

हेमांगीचे डोळे भरले. “फार आठवण येते ना त्यांची?”

“येते तर. पण सूनबाई, आता सांगतोच. खंगलो तो तुझ्या आमटीनं.”