जवळची लेन्स

चेतनाच्या उजव्या तर्जनीच्या टोकावर एक पांढरा डाग होता. दिवाळीत तो मसुरीच्या दाण्याएवढा होता, आणि कॅमेऱ्याच्या बटणावर बोट टेकवलं की पुरता झाकला जायचा. आता तो नखाच्या कडेपर्यंत चढला होता. बटण दाबलं तरी वरून दिसत होता.

कोड आहे, पसरेल, पण कुणाला लागणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. चेतनानं ते नवऱ्याला नीट समजावलं होतं. संघदीपनं मान डोलावली होती.

छोटेलाल सेठनं काउंटरवर मखमली कापड अंथरलं आणि दोन लेन्स मांडल्या. एक आखूड, वाटीत मावेल एवढी. ती पन्नासची फिक्स, जवळ जाऊनच फोटो काढायची. दुसरी वीतभर लांब, दूरचं ओढून जवळ आणणारी झूम. दोन्हींतली एकच न्यायची होती. सडक अर्जुनीच्या त्यांच्या स्टुडिओत दिवाळीपासून हाच विषय निघत होता आणि दरवेळी संघदीप "पाहू" म्हणत उठून जात होता. आता लग्नसराई तोंडावर आली होती, म्हणून दोघं मोटरसायकलनं गोंदियाला आले होते.

चेतनानं आखूड लेन्स कॅमेऱ्याला लावली.

"सेठजी, लाइट बंद करा ना जरा."

सेठनं दिवे मालवले. दुकानात पुठ्ठ्याच्या खोक्यांमागून येईल तेवढाच उजेड उरला. चेतना सेठपुढे हातभर अंतरावर उभी राहिली. "अं, इकडं पाहा," म्हणाली, त्याच्या शर्टाची कॉलर बोटानं सरळ केली आणि बटण दाबलं.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर सेठची एकेक पापणी मोजता येत होती. कानामागचं सगळं दुकान मऊ अंधारात विरघळलं होतं.

"अरे भाभीजी! इतना सुंदर तो मैं अपनी शादी में भी नहीं था," सेठ म्हणाला. "घरवाली को मत दिखाना, शक करेगी."

चेतना हसली. "पाहिलं का जी?" ती नवऱ्याला म्हणाली. "आपल्या जुन्या लेन्सपेक्षा सोळापट उजेड घेते हे. नवरीच्या खोलीत राहते एकच बल्ब. फ्लॅश मारला का हळदीचं तोंड पांढरंफटक होऊन जाते. याच्यानं फ्लॅशच नाही लागत. फक्त जवळ जावं लागते."

"जवळच तर जावं लागते," संघदीप म्हणाला.

त्याच्या डोक्यात अजून बिरसीचा विमानतळच आहे, असं तिला वाटलं. तिथं विमान शिकायला येणाऱ्या पोरांना आपलं पहिलं एकट्याचं उड्डाण फोटोत हवं असतं. कुंपणाबाहेरून ते टिपायचं तर झूमच लागणार. हे तो एकदा बोलला होता. ती वाद घालायची तयारी करूनच घरून निघाली होती.

"आता हे लावून पाह्य," संघदीपनं झूम उचलून तिच्याच हातात दिली.

तिला बरं वाटलं. निदान विचारतो तरी आहे.

ती दुकानाच्या उंबऱ्यात उभी राहिली. रस्त्यापलीकडच्या टपरीवर एक बाई बशीतून चहा पीत होती. चेतनानं लेन्स फिरवली, आणि बाईचा चेहरा सरसर जवळ आला. नाकातली चमकी आली, वरच्या ओठावरचा घाम आला. फोटो स्वच्छ निघाला. बाईला पत्ताच नव्हता.

"भारी हाये," चेतना आत येत म्हणाली. "पण ते बाई माह्याकडं पाहून नाही राहिली. नवरी कशी, मी जवळ असली का माह्याकडं पाहते. मी टिकली सरळ करते, पदर नीट करते, तवा कुठं हसते."

मागच्या आठवड्यातल्या लग्नातही तिनं नवरीची टिकली सरळ केली होती. नवरीच्या मामीनं लगेच ओल्या फडक्यानं नवरीचं कपाळ पुसून दुसरी टिकली लावली होती. गोंद सुटला असेल, असं चेतनाला वाटलं होतं. त्या कपाळाचा फोटो सुंदर आला होता.

"भाभीजी सही बोल रही हैं," सेठ म्हणाला. "शादी के काम में फिक्स ही राजा है."

 आखूड लेन्स संघदीपनं तळहातावर तोलली, तिचं झाकण बसवलं आणि ती सेठकडे परत सरकवली.

"झूम बांधा, सेठ."

चेतनानं कॅमेरा काउंटरवर ठेवला.

"विमानं कुठं पळून चालले का जी? ते पुढच्या साली काढजा. हंगाम तर आता लागून राहिला. नवरीच्या खोलीत मी कायनं काढू?"

"खोलीत पिंकी जाईल. जुनीच लेन्स घेऊन."

पिंकी त्याची बहीण. तिला अजून फोटोत माणसाचं डोकंही नीट धरता येत नव्हतं.

"पिंकी?" चेतना म्हणाली. "काऊन?"

सेठ खोक्याला दोरी बांधता बांधता थांबला. संघदीप तिच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हता. तो काउंटरच्या काचेकडे पाहत होता, जिथं तिचा उजवा हात टेकलेला होता.

"बिरसीचं नाही. झूम तुह्यासाठीच हाये," तो म्हणाला. "मांडवाच्या दाराशी उभी राहून काढत जा. तिथून नवरीले हात नाही पुरत."