निळं ठिगळ

“या खेपेला जरा कडक लिही, दादा,” बहीण म्हणाली. “नुसते कागदी घोडे नकोत.”

तो नव्या बुटांच्या नाड्या बांधत होता. मान वर न करताच त्याने हुंकार भरला.

मेहुण्यांचं गलबत कौलं भरून निघालं त्याला तीन आठवडे झाले होते, आणि काहीच खबर नव्हती. लढाई दोन परक्या देशांची. पण त्यातल्या एकाचं आरमार वाटेत भेटेल त्या व्यापारी गलबताला अडवत होतं, झडती घेत होतं, ओढून नेत होतं. इथल्या सरकारची निषेधपत्रं त्या देशाच्या वकिलातीत जात होती, पण उपयोग शून्य. दादा परराष्ट्र खात्यात कारकून, गेल्या साली बढतीही झालेली, असं साऱ्या आळीत बोललं जायचं. बहिणीची सगळी भिस्त त्याच्यावर. आमचा दादा आहे तिथे, तो गप्प बसायचा नाही, असं ती शेजारणींना सांगायची. ते कानावर आलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तिने एक चिठोरं पुढे केलं. त्यावर गलबताच्या खुणा होत्या. हिरवा पट्टा, आठ माणसं, नवं सुकाणू. “आणि एक राहिलंच बघ. शिडाला...”

“निळं ठिगळ. वरच्या कोपऱ्यात.”

“हे मी तुला कधी सांगितलं?”

“मागे बोलली होतीस.”

“असेन बाई. हल्ली माझं डोकं ठिकाणावर नसतं.” ते ठिगळ तिनेच शिवलं होतं, दोन सुया मोडून. मग तिने आवाज उतरवून विचारलं, “पण पत्र पोचतं ना रे? की फायलीतच कुजतं?”

“पोचतं. प्रत्येक पत्र मी स्वतः वाचतो.”

कितीतरी दिवसांनी ती हसली. त्याच्या खांद्यावरचा दोरा उचलत म्हणाली, “मग मला घोर नाही.” आपल्या तोंडात कोणी दोन भडकावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

दुपारी निषेधपत्र त्याच्या टेबलावर आलं. कडक होतं. मेहुण्यांचं नाव होतं, आठही माणसांची नावं होती. त्याने ते दोनदा वाचलं. मग खण उघडून आठ दिवसांपूर्वीचा एक कागद काढला. युद्धनौकेच्या कप्तानाचा अहवाल, खाली भाषांतर त्याच्याच अक्षरात: शिडाला निळं ठिगळ असलेलं गलबत इशारा देऊनही थांबलं नाही. तोफ डागली. कोणी जिवंत राहिलं नाही.

त्याने कागद परत खणात सारला, घाम पुसला आणि त्याच देशाच्या ज्या वकिलातीत तो वर्षभर घरच्यांना चोरून दुभाष्याची नोकरी करत होता तिचा शिक्का असलेला कोरा कागद पुढे ओढून उत्तर लिहायला घेतलं: ‘आपले निषेधपत्र मिळाले. असे कोणतेही गलबत आमच्या आरमाराच्या दृष्टीस पडलेले नाही.’