बी धरू द्या

नणंद कात्री घेऊन वाफ्यात वाकली होती आणि भावजय खिडकीत बसून सूप पीत होती. सुपावर कॅलेंडुलाच्या केशरी पाकळ्या तरंगत होत्या. हे फूल म्हणजे दिसायला झेंडूचा धाकटा भाऊ, पण याच्या पाकळ्या खातात. चवीला जराशा कडवट. पहिल्यांदा भावजयीने तोंड वाकडं केलं होतं. आता पाकळ्या नसल्या तर तिला सूप जात नसे.

"आज पण एवढी निघाली, वन्सं?"

"कापावीच लागतात. फुलं झाडावर वाळून बी धरायला लागली, की झाडाला वाटतं झालं आपलं काम. मग फुलणं बंद."

"किती करता माझ्यासाठी!"

नणंदेने बोटांना लागलेला चीक ॲप्रनला पुसला.

भावजय अंथरुणाला खिळली आणि डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली, त्याच आठवड्यात नणंदेने खिडकीखाली हा वाफा खणला. अळीसारखं वाकडंतिकडं बी एकेक करून मातीत पेरलं. भावजय उशीवरून बघत होती. लग्न झाल्यापासून आपल्याशी धड न बोललेली ही बाई आपल्यासाठी मातीत हात घालते आहे, या विचारानेच तिला भरून यायचं. निदान कोंब बघू, मग निदान कळी बघू, असं करत करत ती उठून बसली. "मला तुमच्या बहिणीने परत आणलं," असं ती नवऱ्याला सांगायची. नवरा खाली बघायचा.

फाटक वाजलं. कोपऱ्यावरच्या दुकानातली फुलवाली आत आली. मनाने वाईट नव्हती, पण जिभेला हाड नाही. पडद्याआड कोण बसलं आहे ते तिला दिसलं नाही.

"अगंबाई, काय बहर आलाय! मला विका की ही. आता कशाला ठेवताय?"

"हळू बोल," नणंद म्हणाली.

"हळू काय त्यात? तुम्हीच म्हणाला होतात ना, पुष्पचक्र सांगायला नको, दोन महिन्यांत घरचीच फुलं निघतील. डॉक्टरांनीही दोनच महिने दिले होते. हिशेब बरोबर होता हो तुमचा. पण बाई तर म्हणे..."

आत चमचा बशीवर पडला.

फुलवालीने खिडकीकडे बघितलं. गॅसवर दूध ठेवलंय, उतू जाईल, असं काहीतरी पुटपुटत ती सटकली. दुकानात कसलं आलंय दूध!

भावजयीने पडदा सारला. दोघींच्या मध्ये आता फक्त खिडकीची चौकट होती.

"खरं आहे?"

नणंद सरळ उभी राहिली. ती ओशाळली नाही, हेच भावजयीला जास्त लागलं.

"विकतची फुलं दुपारपर्यंत माना टाकतात," ती म्हणाली. "आणि तू जाणारच होतीस. सगळेच म्हणत होते. तुझा नवरासुद्धा."

"मग रोज कापून मला का खायला घातलीत?"

"कापली नसती तर तुझ्या वेळेपर्यंत झाडं टिकली नसती. कापलेली फेकायची का? तू आवडीने खात होतीस."

भावजयीला रडू आलं नाही. लाज वाटली. कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही म्हणतात, पण ही गाय त्या शापावरच पोसली होती. तिला वाटलं, सूप वाफ्यात ओतून द्यावं. मग तिने वाडगा उचलला, तळाशी बसलेल्या पाकळ्या चमच्याने गोळा केल्या आणि सावकाश चावून खाल्ल्या. नणंद बघत राहिली.

"उद्यापासून कापू नका, वन्सं. बी धरू द्या सगळ्यांना."

"बी? ते कशाला?"

"जपून ठेवते," भावजय तोंड पुसत म्हणाली. "तुम्ही माझ्यापेक्षा मोठ्या आहात."