दुसरी बाटली

मासळी विकायला निघालेली अनंतची बायको पवईच्या चढावर गाडीवरून पडून दगावल्याचा फोन आला, त्या दिवसापासून तिची मोटरसायकल दारात उभी होती. आईची गिऱ्हाइकं उद्यापासून लेक दिपाली सांभाळणार होती. इंजिनातलं जुनं तेल तिनं काढलं होतं. अनंतनं नव्या तेलाच्या दोन बाटल्या आणल्या, एक मोटरसायकलची, एक स्कूटरची. स्कूटरच्या तेलानं मोटरसायकलचा क्लच घसरतो, गाडी चढ घेत नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं तीच बाटली उघडली. “पप्पा, ही स्कूटरची आहे. बोट चालवतोस, एवढं कळत नाही?” “तेल तेलच असतं गं.” “क्लच घसरेल. मासळीच्या पाट्या घेऊन पवई कशी चढू?” “नको चढूस.”  दिपालीनं हात पुढे केला. “दुसरी दे, पप्पा.” अनंतनं बाटलीला झाकण लावलं. दुसरी मात्र त्यानं अजून दिली नव्हती.